नागदेवी स्ट्रीटचं गमबुटांचं दुकान: खाडीत उतरणाऱ्या बाईकडून रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे घाईवाले मोकळे. मुंबईत खाडीच्या चिखलात, डेब्रिजच्या ढिगात नाहीतर पावसाळ्यात नाल्याकाठी काम असेल, आणि त्यात तुमच्या पायाचं माप सहाच्या खाली असेल, तर ऑनलाइन डोकं खपवू नका, मस्जिद बंदरला उतरा आणि नागदेवी स्ट्रीट गाठा. तिथे हेल्मेट, हातमोजे, दोर, जाळ्या, ताडपत्री असलं सामान विकणारी रांगच आहे, त्यातल्या एका अरुंद दुकानाबद्दल हे लिहितेय. नाव लिहीत नाही. सरकारी खात्यात आहे बाबा, उद्या कोणीतरी माहिती अधिकारात अर्ज टाकायचा की मॅडमनी कुठल्या दुकानाची जाहिरात केली. बाहेर गमबूट लटकवलेली दुकानं तुम्हाला तिथे बरीच दिसतील, पण जिथे काउंटरमागचे चाचा किंमत सांगायच्या आधी "घालणार कुठे?" असं विचारतील ते आपलं दुकान.

आता माझं काम काय ते सांगावं लागेल, नाहीतर गमबुटावर एवढं कोण लिहितं असं वाटेल. मी बायोलॉजिस्ट, सरकारी, पण कंत्राटी, म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक ब्रेक, मग परत ऑर्डर. लग्नात वगैरे कोणी विचारलं की काय करतेस आणि मी सांगितलं की वन्यजीव संवर्धन, तर समोरच्याच्या डोळ्यात लगेच बोरिवलीचा बिबट्या चमकतो. बिबट्यावाली मंडळी वेगळी हो. माझ्या वाट्याला कांदळवन, म्हणजे खाडीकाठची मँग्रोव्हची झाडी, त्याच्या तक्रारी, त्याचे पंचनामे आणि विकासकामांचे पर्यावरण अहवाल. निम्म्याहून जास्त नोकरी फाइलमध्ये जाते. एका सल्लागाराच्या अहवालात खाडीकाठच्या पक्ष्यांच्या यादीत हिमालयातला पक्षी सापडला होता, दुसऱ्या कुठल्यातरी प्रोजेक्टची यादी उचलून चिकटवलेली, शोधून काढा आणि नम्रपणे पत्र लिहा की सदर प्रजातीबाबत खुलासा करावा. हे माझं रोजचं जंगल.

पण उरलेली नोकरी चिखलात असते आणि ती गमबुटावर उभी असते, हे मी अजिबात गंमत म्हणून म्हणत नाहीये.

कसं ते बघा. कांदळवनाची तोड किंवा भराव रस्त्यावरून कधीच दिसत नाही. करणारे हुशार असतात, रस्त्याच्या बाजूची तिवरांची (कांदळवनातलंच एक झाड) एक-दोन रांग तशीच ठेवतात, बाहेरून हिरवंगार, आणि आत गेलात की मोकळं मैदान, डेब्रिज, कधी पत्र्याची शेड. याहून बेरकी पद्धत म्हणजे झाडाला हातच लावायचा नाही, फक्त खाडीचं पाणी आत येणारी वाट मातीचा बांध घालून बंद करायची. भरतीचं पाणी येईना झालं की तिवरं हळूहळू आपोआप सुकतात आणि मग म्हणायचं साहेब इथली झाडं तर नैसर्गिकरीत्या मेली. आता हे पकडायचं कसं? तर आत चालत जायचं, बांध कुठे आहे तो बघायचा, जीपीएसवर टिपायचा, मेलेल्या झाडांची खोडं मोजायची, हवा घ्यायला चिखलातून वर आलेली श्वसनमुळं अजून उभी आहेत का ते बघायचं, कारण झाड गेलं तरी ती मुळं काही काळ साक्ष देत राहतात. २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली, भोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नको म्हटलं, आणि जिथे नष्ट केलंय तिथे पूर्ववत करायची जबाबदारी सरकारवर टाकली. म्हणजे "आता इथे झाडं नाहीत" हे उत्तर चालत नाही. पण "आधी होती" हे कोणीतरी जागेवर जाऊन दाखवायला तर हवं ना, आणि ते कोणीतरी म्हणजे आम्ही.

आता संयुक्त पाहणी कशी होते ते डोळ्यासमोर आणा. महसूलचे तलाठी, मंडळ अधिकारी, वनखात्याचे एकदोघं, महापालिकेचे कोणी, प्रदूषण मंडळाचे कोणी, तक्रारदार, आणि ज्याच्यावर तक्रार त्याचा माणूस, जो सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेला असतो. सगळे बांधावर उभे. पायात फॉर्मल बूट, पॉलिश केलेले. आत कोण जाणार? कोणीच नाही. बांधावरून हात दाखवून "इथून तिथपर्यंत" असं ठरतं आणि पंचनाम्यात लिहिलं जातं की प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता काही आढळून आले नाही. खोटं कोणीच बोलत नाही, बांधावरून खरंच काही आढळत नाही! माझं तर मत झालंय की मुंबईतल्या कितीतरी जागांचं भवितव्य कायद्याच्या कलमापेक्षा त्या दिवशी घोळक्यातल्या एकाच्या तरी पायात गमबूट होते की नाही यावर ठरलं असेल.

तर गमबूट.

ऑफिसकडून मिळतात, नाही असं नाही. एका ऑफिसात मी होते तिथे रीतसर मागणी गेली, सरकारी पोर्टलवरून सगळ्यात कमी दरवाल्याकडून खरेदी झाली, खोके आले, उघडले तर सगळे जोड नऊ आणि दहा नंबरचे. टीममध्ये आम्ही तिघी बायका, पायाची मापं चार, पाच, पाच. अकाउंट्सला विचारलं तर उत्तर आलं की मागणीपत्रात "गमबूट, नग" असं लिहिलं होतं, माप लिहिलेलं नव्हतं. बरोबरच आहे. मोठा बूट घालून चिखलात गेलं की काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो, कारण चिखल बुटाला खालून ओढून धरतो, मग एका पायावर उभं राहून, मोजा हवेत, तोल गेला की बसा बुडावर तिवराच्या मुळांवर. सर्जिकल दुकानांतून, मॉलमधून, पोरांच्या सेक्शनमधून, सगळीकडून बघून झालं. पोरांचे गमबूट मिळतात पण त्यावर बदकं असतात, ते घालून पंचनाम्याला जाता येत नाही.

शेवटी आमच्या बोटीवरच्या कोळी काकांनी नागदेवीचा पत्ता दिला. त्यांचं स्वतःचं मत गमबुटांबद्दल अत्यंत वाईट आहे, ते अनवाणीच उतरतात आणि आमच्याकडे बघून हसतात, पण जाळ्याचा दोर वगैरे तिकडून आणतात म्हणून त्यांना ती गल्ली पाठ.

चाचांचं दुकान म्हणजे रुंदीला दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरलं, लांबीला मात्र बोगदा. मी गेले आणि हिंदीत सुरू झाले, त्यांनी मराठीत उत्तर दिलं, आणि पहिला प्रश्न तोच, मॅडम घालणार कुठे. मी म्हटलं खाडीत, चिखलात. तर म्हणाले कुठली खाडी, ऐरोलीकडची की गोराईची? मी बघतच राहिले. त्यांचं म्हणणं असं की चिखलात आणि चिखलात फरक असतो, ज्या कंत्राटदारांची माणसं ड्रेजिंगला जातात, ज्यांची नालेसफाईला जातात, ज्यांची बंदरात, सगळे येऊन बोंबा मारतात म्हणून त्यांना कळतं कुठे काय टिकतं. पायाचं माप विचारलं नाही, स्टूल दिलं, मोजे घालून पाय काढायला लावला, आणि वर माळ्यावरून पोराला पाच नंबरचा जोड काढायला सांगितला. पाच नंबर! साफसफाई करणाऱ्या बायकांसाठी काही ठेकेदार लहान मापं मागतात म्हणून ते ठेवतात, आणि तेही सगळे ठेकेदार नाही मागत, बाकीच्या बायका पुरुषांचेच बूट चिंध्या कोंबून वापरतात, हे त्यांनीच सांगितलं आणि सांगताना आवाजात राग होता.

आता मालाबद्दल. दोन जाती आहेत ढोबळमानाने, पीव्हीसीचे आणि रबराचे. पीव्हीसीचे स्वस्त, मी घेतले तेव्हा चार-पाचशेच्या घरात होते, साच्यात ओतलेले असल्याने सांधा नाही, पाणी आत येत नाही, धुवायला सोपे. पण कडक असतात, पोटरीला घासतात, आणि उन्हात वाळत ठेवायची सवय असेल तर काही दिवसांनी घोट्यापाशी घडी पडते तिथे चिरतात. रबराचे महाग, मऊ, पायाला बसतात छान, पण कालवं लागलेल्या दगडावरून गेलात की सरळ कापतात, ब्लेडने कापल्यासारखे. शिवडीच्या बाजूला, माहुलला, जिथे दगड आणि कालवं जास्त तिथे रबर नकोच. तिवरांची श्वसनमुळं पेन्सिलीएवढी असतात, ती तळाला टोचतात पण भोसकत नाहीत. चिप्पीची, म्हणजे कांदळवनातल्याच दुसऱ्या झाडाची, मात्र जाड आणि टोकदार, तिथे पाय बघून टाका, आणि हो, पांढरी चिप्पी २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे, तेव्हा तिच्या मुळावर पाय देताना जरा मान ठेवा.

बुटाच्या आत आयएस नंबर, म्हणजे भारतीय मानकाचा नंबर, बघायचा. पीव्हीसीच्या औद्योगिक बुटांना आयएस १२२५४ आणि रबराच्यांना आयएस ५५५७, हे छापलेलं असलं की निदान कोणीतरी कुठल्यातरी मापात बनवलंय. छापच नसलेले फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळतात, ते सोसायटीच्या गार्डनला पाणी घालायला ठीक.

स्टीलचा टो (बोटांवरची टोपी) असलेला घ्यावा की नाही यावर चाचांनी मला चक्क विक्री सोडून सल्ला दिला, की चिखलासाठी असेल तर घेऊ नका, वजन वाढतं, पाय उचलताना जीव जाईल, आणि चिखलात पायावर पडणार काय आहे? महागाचा बूट परत माळ्यावर गेला. पण मी डेब्रिज टाकलेल्या जागीही जाते म्हटल्यावर तळात स्टीलची पत्री असलेला वेगळा जोड दाखवला, कारण तोडलेल्या बांधकामाच्या राड्यात खिळे, सळ्या, काचा, सगळं उभं असतं. मी दोन्ही घेतले. भरावाच्या जागेला पत्रीवाले, कांदळवनात साधे. या एका सल्ल्यासाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते, कारण मॉलमधला पोरगा "मॅम धिस इज व्हेरी प्रीमियम" पलीकडे काही सांगू शकत नाही.

तळाच्या नक्षीबद्दलही लोक चुकीचा विचार करतात, खोल खाचा म्हणजे पकड चांगली. डोंगरात ठीक. चिखलात खोल खाचांत गाळ गच्च बसतो आणि थोड्या वेळाने तुम्ही पायाखाली अर्धा किलो खाडी घेऊन चालत असता. उथळ नक्षीचे घ्या. फक्त शेवाळलेल्या जेट्टीवर ते घसरतात, तिथे मात्र सांभाळून.

वापराचा अनुभव म्हणाल तर बरेच महिने झाले, भांडुप, ऐरोली, चारकोप, गोराई, सगळीकडचा चिखल लागलाय आणि अजून गळत नाहीत. अस्तर ओलं झालं की वास येतो, तो येणारच, त्यावर उपाय एकच, गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, वर्तमानपत्र कोंबा आणि सावलीत ठेवा. आमच्या सोसायटीच्या जिन्यात ते ठेवण्यावरून सेक्रेटरींशी माझं जे झालं ते वेगळं लिहीन कधीतरी.

पण बूट घातला म्हणजे झालं असं नाही, चालायचं कसं तेही शिकावं लागतं आणि ते कोळी काकांनीच शिकवलं. "ताई, पाय सरळ वर नको ओढू, टाच आधी काढ, मग बोटं." टाच वर केली की बुटाखाली हवा शिरते आणि चिखल सोडतो. दुसरं म्हणजे जिथे श्वसनमुळं दाट तिथून चाला, खाली मुळांचं जाळं असतं, पाय कमी रुततो, आणि जिथे गुळगुळीत, मऊ, निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतायत असा छान मोकळा गाळ दिसतो तिथे जाऊ नका, तिथे मांडीपर्यंत जाल. हातात बांबूची काठी ठेवा आणि आधी ती टोचून बघा. घोट्यापाशी बुटाभोवती दोरी बांधली की बूट निसटत नाही, चाचांनी त्यासाठी नायलॉनची बारीक दोरी वाटेल तेवढी कापून फुकट दिली. रोपं दिसली तर त्यांच्यावर पाय नको, कांदळवन वाचवायला जाऊन निम्मी रोपं तुडवून आलो असं व्हायला नको, आणि हे होतं, पाहणीला दहा माणसं आत गेली की त्यांची एक पायवाटच तयार होते.

आणि भरती-ओहोटी! गमबूट गुडघ्याखालपर्यंत, भरतीला आत पाणी त्याच्यावर, म्हणजे बूट भरला की पायाला बादल्या बांधल्यासारखं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोळी लोकांचं गणित मुंबईत चांगलं चालतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी अकरा-बाराला भरती, तीही उधाणाची. आता सरकारी बैठका आणि पाहण्या कितीला ठेवतात? सकाळी अकराला. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास अकराची पाहणी ठेवली की जागा पाण्याखाली, सगळे बांधावर, चहा, पंचनामा, घरी. मी आता नोटीस निघायच्या आधीच तिथी बघते आणि ज्या बाबूंच्या हातात तारीख असते त्यांना फोन करते, की साहेब चतुर्दशी नको, अष्टमी-नवमी ठेवा. त्यांना वाटतं मी भलतीच धार्मिक आहे, वाटू दे. अष्टमीलाही अडचण आहेच, ते भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, पाणी पूर्ण हटत नाही, पण ऑफिसच्या वेळेत गमबुटाने जाण्याइतकं हटतं. खाडी पूर्ण उघडी बघायची तर उधाणाच्या दिवसांत पहाटे सहाला जावं लागतं, तेव्हा आमचे वनरक्षक दादा आणि मी दोघंच असतो, बाकी कोणी येत नाही, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं काम त्याच वेळी होतं. हिवाळ्यात असेल तर फ्लेमिंगो बोनस. ठाणे खाडीचा तो पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, पण पहाटेच्या उजेडात डोकी खाली घालून गाळ चाळणाऱ्या त्या हजारो पक्ष्यांना कुठलीच अधिसूचना ठाऊक नाही आणि त्यांना पायात काही घालावंही लागत नाही.

दुकानात बाकी काय घेतलं ते पटकन. पीव्हीसी पाइप आणि एल्बो शेजारच्या दुकानातून आणले आणि एक मीटर बाय एक मीटरची चौकट बनवली, ती चिखलावर टाकायची आणि आत खेकड्यांची बिळं, रोपं, मुळं मोजायची. विज्ञानाच्या कॅटलॉगमध्ये हीच चौकट क्वाड्रेट नावाने येते आणि किंमत बघून हसू येतं. गाळातले किडे-शिंपले चाळायला अर्ध्या मिलिमीटरची स्टीलची जाळी हवी होती, चाचांनी गल्लीतल्याच जाळीवाल्याकडे माणूस पाठवला. खोडांचा घेर मोजायला फायबरची टेप घ्या, स्टीलची अजिबात नको, खाऱ्या पाण्यात एकदा बुडाली की गंजून गुंडाळीच अडकते. हेडलॅम्प घेतला तो बरा आहे, प्रकाश चांगला, पट्टा मात्र घामाने सैल होतो. रिफ्लेक्टर जॅकेट घेतलं पण आता घालत नाही, कारण ते घालून रस्त्याकडेला उभी राहिले की लोक महापालिकेची समजून गटाराची तक्रार सांगायला येतात, एका आजींनी तर माझं नाव लिहून घेतलं.

हातमोज्यांबद्दल मात्र चाचांशी माझा वाद आहे. ते जाड रबरी देतात, कामगारांसाठी बरोबर आहे, पण मेलेला पक्षी उचलायचा, पायातली रिंग बघायची, नमुना घ्यायचा तर बोटांना कळलं पाहिजे, त्याला नायट्राइलचे, डॉक्टर घालतात तसले पातळ, लागतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले तेव्हा लोकवस्तीत विखुरलेले पक्षी उचलावे लागले होते, असल्या कामाला जाड मोजे निरुपयोगी. नायट्राइलचे त्यांच्याकडे नाहीत, प्रिन्सेस स्ट्रीटला मेडिकलवाल्यांकडे मिळतात. छातीपर्यंतचा वेडर सूटही दाखवला होता त्यांनी, मी नाही घेतला, मुंबईच्या उकाड्यात तो घालणं म्हणजे स्वतःला उकडून घेणं, आणि आत पाणी गेलं तर धोकाही आहे.

एक गोष्ट गमबूट करत नाही ती सांगते, कारण दुकानात कोणी सांगणार नाही. पायाला जखम असेल तर बूट घालूनही चिखलपाण्यात उतरू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू जखमेतून सहज शिरतात, पावसाळ्यात दरवर्षी महापालिका ओरडून सांगते, साचलेल्या पाण्यातून गेलात तर डॉक्टरांना दाखवा आणि प्रतिबंधक गोळी घ्या. फील्डवाल्यांना वाटतं आपल्याला काही होत नाही. होतं.

बिलाचं आता, सरकारी वाचकांसाठी. चाचा पक्कं जीएसटी बिल देतात, ऑफिसच्या नावाने देतात, आणि वर्णनात "गमबूट" च्या पुढे माप आणि आयएस नंबर लिहून देतात, ज्याने अकाउंट्सचा अर्धा प्रश्न आधीच संपतो. तीन कोटेशन लागत असतील तर मात्र तुमचं तुम्ही बघा, त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की मी माझं एकच देणार, शेजाऱ्याचं लेटरहेड माझ्याकडे नाही. मला आवडलं ते. तरीसुद्धा माझं बिल महिनोन्‌महिने फिरलं, शेरा असा की गमबूट ही वैयक्तिक वापराची वस्तू आहे की कार्यालयीन. मी लिहून दिलं की कार्यालय मला खाडीत पाठवते तेव्हा ती कार्यालयीन असते. पैसे अजून आलेले नाहीत, पण तो दुकानाचा दोष नाही.

दुकानाचे दोष हे: शनिवारी दुपारी मरणाची गर्दी, हातगाड्या, हमाल, टेम्पो, तुम्ही स्टुलावर बसून बूट घालताय आणि तुमच्या डोक्यावरून पाइपचा गठ्ठा जातोय. बदलून देतात पण चिखल लागायच्या आत, घरी फरशीवर चालून बघा आणि मग ठरवा. अर्धे नंबर मिळत नाहीत, साडेचार असेल तर पाच घ्या आणि जाड मोजे घाला. रंग काळा, फारच नशीब असेल तर पिवळा, आणि पिवळा खाडीत घेऊ नका, पक्षी लांबूनच उठतात. रोख आणि यूपीआय दोन्ही चालतं, कार्ड नाही. भाव फार करू नका, एक जोड घेणाऱ्याला ते पन्नास कमी करतात आणि मग गप्प बसतात.

पाचपैकी साडेचार देतेय. अर्धा कापला तो नायट्राइलच्या हातमोज्यांसाठी, मी तिथून निघताना चाचांना पुन्हा सांगितलंय, ते म्हणाले एक खोका मागवून बघतो, पण घेणारे किती आहात तुम्ही लोक मुंबईत?